निष्कलंक

मी माझं वय सूर्याच्या हिशेबात सांगतो:
डागांची सात चक्रं पुरी, आठव्याची तीन वर्षं.
केर्टू म्हणते, सरळ ऐंशी म्हणायला काय जातं तुझं?

उन्हाळ्यात दुर्बिणीतून सूर्य
बुटांच्या खोक्यात उतरवतो, बशीएवढा,
आणि पेन्सिलीने डाग टिपतो.
डाग वाढले की तीनशे किलोमीटर वरची
ती विरळ हवा भारली जाते,
आणि सोदानक्युलातून निघालेली माझी दहा वॉटची टिकटिक
तिच्यावर आपटते, समुद्रावर आपटते, पुन्हा वर जाते,
आणि उरुग्वेत, साल्तोजवळ,
एलादिओच्या संत्र्यांच्या बागेत पडते.

मग डाग पुसले जातात.
माणूस निष्कलंक असला तर त्याचं कौतुक.
सूर्य निष्कलंक झाला
की अठ्ठावीस मेगाहर्ट्झवर चिटपाखरू नसतं,
नुसती खरखर, मंद आचेवर रवा भाजावा तशी.

एलादिओशी माझं बुद्धिबळ चालू आहे, मोर्समधून.
तेविसाव्या खेळीनंतर वाट बुजली.
पट खिडकीत ठेवला. पाच हिवाळे.
दोन पाइनांमधली तार बर्फाने लवायची,
मी काठीने झटकून यायचो, उगाच.
मुलगी म्हणाली, बाबा, फोन आहे, पत्र आहे.
आहे ना.
पण आमचं ठरलंय: सूर्य पोचवेल तेवढंच.

दर शनिवारी केर्टू पट पुसायची.
एकेक मोहरा उचलून ओल्या फडक्याने,
आणि परत अंदाजाने.
नीट ठेव गं.
नीटच आहे.

परवा, डिसेंबरातल्या
सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत,
खाली मिट्ट काळोख
आणि वर, त्या हवेला, ऊन लागलेलं असताना
खरखरीतून तो आला.
हात लगेच ओळखला:
टिंबं घाईत, रेघ मात्र ओढत नेलेली,
सपाता घासत चालणाऱ्या माणसासारखी.
चोविसावी खेळी: उंट, जी पाचवर.

माझ्या पटावर त्याचा तो उंट नव्हताच.
पाच वर्षं मी जिंकत होतो.

केर्टूने शिवणाचा डबा उपडा केला.
बटणं, चाकू, मुलीचा दुधाचा दात, उंट.
मी कळवलं, लाजत, जमेल तितकं सावकाश.
तो हसला. मोर्समध्ये हसता येतं.
मग म्हणाला: माझ्याकडेही एक

आणि सगळं थांबलं. खरखरसुद्धा.
त्याच्याकडे भर दुपार;
सूर्याला उबळ आली असणार,
डाग जास्त झाले की येते ती.
येईल तासाभरात. किंवा उद्या.

एक काय? केर्टूने विचारलं.
ठाऊक नाही.
ती उभीच, उंट फडक्यात धरून.
मग याला कुठे ठेवू?
राहू दे हातात, म्हटलं.