पातळी

कालाघोड्याच्या पुलाखाली नदी बावीस फुटांवर,
माझ्या बाटलीत साठ मिली.
भालचंद्र दोन्ही आकडे लिहितो एकाच वहीत,
दुधाच्या हिशेबामागच्या कोऱ्या पानांवर.

सव्वीसला धोका, असं महापालिका म्हणते.
दोन दिवस तीसच्या खाली आलं की नळी काढू,
असं डॉक्टर झवेरी.
एक चढायचं थांबत नाही,
एक उतरायचं मनावर घेत नाही.

पोटाचं कातडं छातीवर आणलंय माझ्या.
ऋजुताच्या वेळच्या त्या चंदेरी रेघा,
पंचवीस वर्षं निऱ्यांमागे राहिलेल्या,
आता गळ्याखाली डावीकडे,
बदली होऊन आलेल्या कारकुनासारख्या
नव्या टेबलाशी अवघडून.

हॉस्पिटलात पाच रात्री
हेतलबेन तासातासाला यायची,
थंड जेल लावून पेन टेकवायची,
आणि कातड्याच्या आतून आवाज यायचा
फुस्स, फुस्स, फुस्स,
कुणीतरी जिना चढतंय असा.
"चाले छे," ती म्हणायची, "सूई जाव."
मी झोपायची नाही. पायऱ्या मोजायची.

घरी आल्यावर, आठव्या दिवशी, कड निळी झाली.
मग वांग्यासारखी.
मग शेक घेतलेल्या जागेलगत
तव्याच्या बुडासारखी.
त्याच रात्री आजव्याचं पाणी आलं.
पूल बंद, रिक्षा नाही, लाइट गेली ती गेलीच.
पार्किंगमध्ये स्कूटर हँडलपर्यंत पाण्यात.

फोटो पाठवा, म्हणाले डॉक्टर.
मी खिडकीच्या उजेडात उभी, हुक काढून,
आणि हा म्हणतोय, जरा इकडे वळ,
लग्नातल्या फोटोग्राफरसारखा.
सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा मगरी फिरत होत्या.
अकोट्याला कुणाच्या ओट्यावर मगर,
शाळेच्या फाटकात मगर,
मग मी,
मग परत मगर, स्कूटरवर बांधून नेलेली.
त्याच्या मोबाईलमध्ये आम्ही सगळ्या ओळीने.
मला हसू आलं. टाके ओढले गेले.

उत्तर आलं: ताप आहे का?
लाली पसरतेय का? वास येतो का?
ताप नव्हता.
लालीभोवती त्याने बॉलपेनने रेघ मारली.
वासाचं मला कळेना,
माझं नाक केमोतच गेलेलं.

तेव्हा हा माणूस,
जो अकरा महिने पलंगाच्या त्या काठाला
पाहुण्यासारखा निजत होता
(मला दुखेल म्हणून की त्याला दिसेल म्हणून,
मी विचारलं नव्हतं),
चष्मा काढून, मेणबत्ती बाजूला सारून
खाली वाकला.
नाक टेकवलं.
मला काही कळलं नाही, तिथे काहीच कळत नाही.
त्याचा श्वास उजवीकडच्या, माझ्या जुन्या कातडीला लागला,
तेवढाच.
तो बराच वेळ तसाच होता.
वास घ्यायला इतका वेळ लागत नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं.
काळं झालेलं डॉक्टरांनी कापून टाकलं,
जुन्या आठाण्याएवढं.
तो खड्डा भरायला सात आठवडे,
रोज गॉज, रोज सलाईन,
रोज त्याचे ते सावकाश, चिकटपट्टीला भिणारे हात.
आता तिथे एक खळगा आहे, ब्लाउज पिचकतो.
परत करता येईल, छोटंसं, डॉक्टर म्हणतात.
छोटंसं हा शब्द मी हल्ली कुणाकडूनच घेत नाही.

शिर्के वहिनी विचारतात,
एवढं करून मिळालं काय?
काही दिवस मलाही तेच वाटतं.
काही दिवस पदर सावरायचा विसरते.

परवा रद्दी काढताना वही सापडली.
चोवीस, सव्वीस, तीस, पस्तीस: नदी.
साठ, पंचावन्न, साठ: मी.
पुराच्या त्या रात्री मात्र माझा आकडा नाही,
बाटली कुणी मोजलीच नव्हती.
त्या रकान्यात त्याचं बाकदार अक्षर,
मेणाचा एक थेंब,
वास नाही,
आणि खाली दोनदा मारलेली रेघ.