घोडं कुठं पेंड खातं

डोंगरावरून ऊबदार शिनूक वारा सुटलाय,
तीन दिवसांचा बर्फ एका दुपारी पन्हळीतून वाहून जातोय,
आणि आर्डिस क्वाम भांडी पुसायच्या फडक्यातून
बापाचं रिव्हॉल्व्हर काढून माझ्या बाकावर ठेवते.
म्हणते, घोडा बदल. चापही.
अंगठा आता माझं ऐकत नाही.

एकाहत्तर वर्षांची. शनिवारी क्लबात
कागदाला भोकं पाडते, हरलेल्यांकडून कॉफी वसूल करते.
नवऱ्याचं जड पिस्तूल विकलं मागच्या महिन्यात,
आता हे वापरीन म्हणते.
पण घोड्याचं शेपूट अरुंद, संधिवाताचा अंगठा
मध्येच घसरतो.
रुंद हवा घोडा. चापही रुंद, गुळगुळीत,
बोटाला न चावणारा.

आहेत माझ्याकडे. बिग सँडीच्या एका विधवेनं
तंबाखूच्या डब्यासकट विकलेले सुटे भाग,
मेणकागदात गुंडाळलेले, अंगावर अजून भट्टीचे रंग:
जांभळा, गवती,
मोरपिसाच्या डोळ्यातला तो एक निळा.

"घाई नाही," ती म्हणते. "पण शनिवारी हवं."

स्क्रू हलेनात.
पेचकसाचं पातं घासून घासून त्यांच्या मापाचं केलं,
दोन दिवस तेल मुरू दिलं.
तिसऱ्या दिवशी बाजूची पाटी निघाली
आणि सत्तर वर्षं कोंडलेला वास बाहेर आला,
मधासारखं घट्ट झालेलं तेल, कोळशाची भुकटी,
थोडी आगगाडी.

थोरवाल्ड क्वाम. रेल्वेच्या टपाल डब्यात
हॅवर ते विलिस्टन, रात्रभर उभ्यानं
पत्रं खणात लावणारा, कमरेला हे.
नोकरी सुटली तरी हे सुटलं नाही.
गावात ती गोष्ट पोराटोरांनाही पाठ:
चौतीसचा हिवाळा, दोन दरोडेखोर,
एक जागीच पडला, दुसरा बर्फात रक्त सांडत पळाला.
आर्डिस सांगते तेव्हा आवाज खाली उतरवते,
बापाचा असावा तसा.

घोडा काढून भिंगाखाली धरला.
शेपटावरची नक्षी साफ गेलेली,
नदीतल्या गोट्यासारखी.
हजारो वेळा चढवलेला, हजारो वेळा
अंगठ्यानं धरून अलगद उतरवलेला.
आणि चोच?
चोच नवी कोरी. चेंबरच्या तोंडाशी काजळीचं कडं नाही.
कारखान्यातली चाचणी सोडली
तर ह्या लोखंडानं आग पाहिलेलीच नाही.

मी भिंग खाली ठेवलं. चहा गार होऊ दिला.

पाणी भरायला गाडी थांबायची ती आडरानातली ठाणी.
बाहेर पाऊल वाजलं की नाही वाजलं,
की नुसतंच गवत.
तो घोडा चढवायचा, श्वास धरायचा,
इंजिन पुन्हा धापा टाकू लागलं की उतरवायचा.
पुढचं ठाणं. पुन्हा.
स्वतःलाच चाप लावत
वीस-बावीस वर्षं.

मला कुणी विचारलं नव्हतं. मी माझं काम केलं.
नवा घोडा बसला, खाच खाचेत बसेपर्यंत
दगडावर किती फेरे मारले ते मोजले नाहीत.
चाप आता सुटतो
पिकलेली चेरी देठावरून सुटावी तसा.

शनिवारी ती आली. अंगठा टेकवला, चढवला, हसली.
जुने भाग मी डब्यात घालून पुढे केले,
"जपून ठेव, मूळ भागांवाचून किंमत निम्मी."
तिनं जुना घोडा उचलला,
झिजलेल्या खळगीत अंगठा ठेवून पाहिला.
मोठी होती खळगी. राहिलाच थोडा रिकामा भाग.

"पन्नास गोळ्यांचा खोका होता त्याचा," म्हणाली.
"आई दर नाताळात मोजायची.
पन्नासच."

मी फडक्याला हात पुसत राहिलो,
पुसलेलेच हात.

तिनं डबा कोटाच्या खिशात टाकला, घड्याळ पाहिलं.
दहाला पहिली फेरी होती,
आणि तो खोका तिनं सोबत आणला होता.