ओ

माझ्या नावात एक ओ आहे.
एमोके. मधला.
आमच्या भाषेत ओ चार, माझा चौथा :
ओठ ओचे, जीभ एची,
आणि लांबवायचा, घाई न करता.
लिहिताना डोक्यावर दोन तिरप्या रेघा,
वारा एकाच बाजूने लागल्यासारख्या.

शाळेच्या दाखल्यावर छापखान्याने
रेघांच्या जागी नागमोडी बसवली.
आई म्हणाली, राहू दे, वाचतात बरोबर.
वाचतात, हो.

सेगेदच्या संग्रहालयाचं तळघर.
हीटरवर कुणाचे तरी मोजे वाळत घातलेले.
देझोकाकांनी आयुष्यभर गोळा केलेले आवाज :
विहिरीचे रहाट, हंसांचे कळप, एका म्हातारीचं
पीठ मळता मळता देवाशी भांडण.
एक्केचाळीस हजार दोनशे सहा फाइली.
मी प्रोग्रॅम लिहिला. साधाच.
फोल्डरला विचार, घरात कोण कोण आहे.
मग एकेकाला नावाने हाक मार.

तिघांनी ओ दिली नाही.

अशी फाइल नाही, म्हणाला पडदा.
अरे, यादी तूच दिलीस ना?
आत्ता, ओळभर वर?

बाकीच्यांची नावं मागे कुणीतरी
नव्या तक्त्यात आणून बसवली होती, हे तिघे राहून गेले.
द्राक्षमळा, दफनभूमी, आणि नावेवरचा येनो.
तिन्ही नावांत माझाच ओ. द्राक्षमळ्यात तर दोनदा.
जुन्या तक्त्यात त्याचा आकडा दोनशे पंचेचाळीस.
नव्यात त्याला दोन खोल्या मिळाल्या,
एकशे सत्त्याण्णव आणि एकशे पंचेचाळीस, शेजारी शेजारी,
आणि दोनशे पंचेचाळीस कुठेच येत नाही,
शब्दाच्या सुरुवातीला नाही, मधे नाही, शेवटी नाही.

कर्नलला यातलं काही ठाऊक नसतं.
त्याला भाषा येत नाही, आकडे येतात.
नावात शून्य नको आणि तिरपी दांडी नको,
एवढंच त्याचं सोवळं. बाकी काहीही ठेवा.
पण माझ्या प्रोग्रॅमची भाषा घडवणाऱ्यांनी ठरवलं होतं
की नाव म्हणजे अक्षरंच असणार.
जे वाचता येईना तिथे तिने, सभ्यपणे,
एक काळं शंकरपाळं ठेवलं, आत पांढरं प्रश्नचिन्ह,
आणि त्याच नावाने हाक मारायला लावली.
कर्नल बिचारा शंकरपाळं शोधून आला,
म्हणाला, या नावाचं इथे कोणी राहत नाही.

बोतोंद म्हणाला, नावंच बदलून टाक, दोन मिनिटांचं काम.
पण नाव बदलायचं तरी
आधी जुन्या नावाने बोलवावं लागतं.

मग एक पायरी खाली उतरले.
तिथे अक्षरं नाहीत.
दोनशे पंचेचाळीसला दोनशे पंचेचाळीस म्हटलं,
न वाचता, न सुधारता,
जसा हातात आला तसाच परत केला.
वर शेरा लिहिला : इथे कुणी शहाणपण करू नये.
(बोतोंदने तो दोनदा खोडलाय. मी तिसऱ्यांदा लिहिलाय.)

फाइल उघडली.
नोव्हेंबर, तिसा नदी, पाणी. कुत्रं.
चाळीस सेकंद काहीच नाही,
मला वाटलं, टेपच कोरी.
मग काठावरून देझोकाका, तरुण आवाजात,
नावाड्याला हाक मारतात : येनोऽऽ
तो चौथा ओ, नदीच्या रुंदीएवढा लांबवलेला.
थांबतात. खोकतात. पुन्हा, येनोऽऽ

पलीकडून कुणी ओ देत नाही.
फक्त, बऱ्याच वेळाने,
ओला दोर ताणला जातो तसा
करकर आवाज,
आणि तो हळूहळू जवळ येतोय.