दुरुस्ती

फेब्रुवारीचा अंक. चार पानं, दोन भाषा.
आधी वेल्श, मग इंग्रजी;
तिसरी माझी, ती फक्त ओठांत,
आकडे तपासताना पुटपुटण्यापुरती.

या महिन्यात विद्यापीठाचं बरं चाललंय.
ओटच्या मुळांवर काम करणाऱ्या डॉक्टर मेइनिर प्रॉसरना अनुदान,
एवढं की शून्यं मोजायला मी पेन्सिल घेतली.
हिमनद्यांच्या गटाला पदक.
भूगोलाच्या दोन पोरी कार्डिफला जाऊन पहिल्या आल्या,
परतीच्या गाडीत ढाल विसरल्या, तीही मिळाली.
आणि पहिल्या पानावर, फोटोसकट,
प्राध्यापक इद्रिस रॉसर यांचा पावसावरचा शोधनिबंध:
जागतिक दर्जाचा, पथदर्शी, युगप्रवर्तक.
विशेषणं त्यांच्याच विभागाकडून आली. मी हमाल.

शोधनिबंध मी वाचला. आमच्या कचेरीत हे कुणी करत नाही.
शेवटी आभार, आभारांच्याही शेवटी, मुंगीएवढं:
पर्जन्यमापकाच्या नोंदी, जी. बेब.
एवढाच माणूस.

फोन लावला. टेकडीवरच्या शेतावरचे तंत्रज्ञ,
ग्विलिम बेब. शुक्रवारी निवृत्त.
एकतीस वर्षं, सकाळी नऊला,
तांब्याच्या नळकांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं,
गुडघे वाकवून डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा,
आकडा वहीत, पाणी गवतात.
"यात बातमी काय?" त्यांनी विचारलं.
खरंच विचारलं.

पानं तर भरलेली.
युगप्रवर्तक काढलं. पथदर्शी काढलं.
जागतिक दर्जाही काढला;
शोधनिबंध होता तिथेच राहिला,
उलट कॉलरचं बटण सोडल्यासारखा मोकळा.
त्या जागेत बेब बसले. पान चार, डावा रकाना,
'सायकल विकणे आहे'च्या वर:
एकतीस वर्षं, एकही सकाळ न चुकता.

अंक गेला. चार दिवसांनी, संध्याकाळी,
ॲबरिस्टविथच्या धक्क्याखाली मैनांसारखे काळे थवे
घिरट्या घालत उतरत होते, तेवढ्यात फोन.
"छापलंत ते चुकलंय, बाई.
दोन सकाळी राहिल्या आहेत.
मार्च अठ्ठ्याण्णव. नेस्टा गेली तेव्हा.
वहीत तिथे रेघ आहे, आकडा नाही.
रॉसरसाहेबांनी सरासरी काढून भरला असेल,
मी भरलेला नाही."

'न चुकता' हे शब्द माझे होते.
दुसऱ्याची तीन कापून
मीही एक घुसवलंच होतं.

मार्चच्या अंकात, पान चार, डावा रकाना,
कुणाचीही परवानगी न घेता:
दुरुस्ती. श्री. बेब यांच्या नोंदींत
दोन दिवस कोरे आहेत.
त्या दोन दिवशी टेकडीवर पाऊस किती पडला
ते विद्यापीठाला ठाऊक नाही.