रविवारी झाडलेलं छप्पर

शुक्रवारी समुद्र फुटला.
शनिवारभर राख पडत होती,
भर दुपारी कंदील लावावा लागला.
रविवारी उजाडलं तेव्हा
टोंगाच्या त्या एवढ्याशा बेटावर
नारळ, डुकरं, कबरी, चर्चची घंटा
सगळं एकाच रंगाचं,
जणू कुणी रंगवायचं राहून गेलेलं.

आमच्याकडे रविवारी कुणी काम करत नाही.
जाळं वाळत टाकत नाहीत, कपडे पिळत नाहीत,
विमानसुद्धा उतरत नाही.
आणि पश्चिमेला ढग भरून येत होते.
एक सर आली की छपरावरची राख
पन्हळातून थेट टाकीत,
आणि टाकीत होतं तेवढंच पाणी,
तीन घरांचं.

मी ऑकलंडहून रजेवर आलेला,
खिशात मेलेला फोन.
देव कधीतरी विमानतळावर विसरलो होतो,
परत मागायला गेलो नव्हतो.
म्हणालो, आत्या, मी चढतो वर.
ती म्हणाली, तुझं त्याच्याशी बोलणं नाही.
तू शिडी धर.

आमच्यात आत्याचा मान बापाहून मोठा.
मी शिडी धरली.

एकाहत्तर वर्षांची लावीनिया,
कमरेची सुतकाची चटई न सोडता
खराटा घेऊन पत्र्यावर गेली
आणि बोलू लागली.
माझ्याशी नाही.

“कचरा टाकलास तो टाकलास,
सोमवारी टाकला असतास तर काय बिघडलं असतं?
तुझ्याच दिवशी मला झाडायला लावतोस.
हे पाप तुझ्या खात्यावर मांड.
सहा दिवसांत जग केलंस म्हणे,
पन्हळ तुंबेल एवढं कळलं नाही?”

खर्र, खर्र.
राख माझ्या केसांत, पापण्यांवर.

कुंपणापलीकडे शेजारीण म्हणाली, ही शिक्षा आहे.
तिचा नवरा म्हणाला, शिक्षा नाही, परीक्षा.
वरून आत्या ओरडली,
“परीक्षा असेल तर पेपर फार वाईट काढलाय!”
मग आवाज उतरवून, ढगांकडे बघून,
“थांब जरा. हा कोपरा राहिलाय.
मोसेसेचं मग बोलू.
आज नको. आज तेवढा दम नाही मला.”

मोसेसे तिचा धाकटा.
शुक्रवारी होडी सोडवायला धावला होता.

काळा कोट घातलेले पाळक हेआमासी
चर्चला जाता जाता फाटकाशी थांबले.
वर पाहिलं. पश्चिमेला पाहिलं.
मला वाटलं, आता वचन ऐकवणार.
त्यांनी बायबलची पिशवी कुंपणाला अडकवली
आणि शिडीची दुसरी बाजू धरली.
घंटा त्या दिवशी अर्धा तास उशिरा वाजली.

आता ऑकलंडला
समुद्राच्या तळाशी काय झालं त्याचे लेख वाचतो.
नकाशे, बाण, आकडे. सगळं खरं असणार.
त्यातल्या एकालाही
‘हे काय केलंस रे’ म्हणता येत नाही.
कधी गॅलरी झाडता झाडता
तोंडून नुसतं “अरे” निघतं
आणि पुढे कोण, ते सुचत नाही.
केरसुणी हातात तशीच राहते.

आत्याचा फोन दर सोमवारी येतो.
टाकी भरलीय, डुकरीण व्यालीय, गुडघा दुखतो.
मी एकदा भीत भीत विचारलं,
मोसेसेचं बोललीस का?

पलीकडे बराच वेळ वारा ऐकू आला.

“अजून नाही.
बघू दे त्याला वाट.”