चित्र नाही, फक्त आवाज

फाइल उघडते. पडदा काळा.
खाली रेघ सरकते, म्हणजे काहीतरी चाललंय,
आणि त्या काळ्यातून
समुद्र येतो, कुत्रं भुंकतं,
कोणीतरी पाचरीवर हातोडा घालतं. ठक. ठक.

एकोणीस वर्षांपूर्वीची कॅसेट.
कुरेसारेच्या बाजारातल्या एका पोराने
तेव्हा ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली
असल्या कोडेकमध्ये, जो बनवणारी कंपनीच आता उरली नाही.
कुलूप आहे, लोहार गेला.

मी फेरीबोटीच्या इंजिनावर बत्तीस वर्षं काढली.
आटे जुळत नसतील तर बोल्ट पिळायचा नाही,
एवढं मला कळतं.
पण इथे आटा दिसतच नाही.
नवा लॅपटॉप फाइलला ओळख देत नाही.
जुना देतो, पण त्याला धाप लागते,
पंखा असा घोंघावतो की मांजर उठून जातं.
लीसीने तालिनहून फोनवर सांगितलं,
ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला, मामा.
बदलला.
काळा पडदा हिरवा झाला.
प्रगती.

तीन आठवडे मी नुसतं ऐकलं.
हे होडीखालचे ओंडके,
हा कॅमेऱ्यामागून हेल्वेचा खोकला,
हा दोर ताणल्याचा करकर आवाज,
मग धप्प, मग पाणी,
मग ते हसणं.

त्या हसण्यासाठीच तर ही सगळी उठाठेव.
दोघांनी दोन हिवाळे खपून बांधलेली होडी
पाण्यात उतरताना कुशीवर पडली
आणि एन्देल हसला.
सख्खा भाऊ. हसला.
तेव्हापासून तो हीयुमा बेटावर, मी इथे,
मधे तासाभराचा समुद्र.
त्या समुद्रावरच्या बोटीचं इंजिन मीच सांभाळत होतो,
रोज पलीकडच्या धक्क्याला लागत होतो,
एकदाही उतरलो नाही.

शेवटी शेजारच्या राइगोने
ती फाइल दुसऱ्या साच्यात ओतायला लावली.
रात्रभर.
सकाळी नव्याण्णव टक्के,
मग पाऊण तास नव्याण्णवच.

चित्र आलं.
हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला
कंगव्याच्या दातांसारख्या रेघा.
एन्देल कमरेभर पाण्यात,
खांदा होडीखाली, ओठ घट्ट मिटलेले.
आणि किनाऱ्यावर, हातात सुटलेला दोर,
एक माणूस तोंड उघडून हसतोय.
स्वेटर माझा.

म्हटलं, आवाज सरकलाय.
सरकतो कधी कधी. बत्तीस हजार आणि अठ्ठेचाळीस हजारचा घोळ,
राइगोच बोलला होता.
आठ फ्रेम मागे ओढला. बारा पुढे. मग चाळीस.
ते हसणं एन्देलच्या ओठांवर बसवायला
दुपार घालवली.
बसेना.
मग हातोडा शोधला.
लोखंड पाचरीला टेकतं ती एक फ्रेम,
आणि तिथेच, केसाचाही फरक नाही,
ठक.

आवाज बरोबर होता.
पहिल्यापासून.

मांजर परत आलं, कीबोर्डवर बसलं.
मी हाकललं नाही.

एन्देलचा टीव्ही माझ्या माहितीप्रमाणे तोच जुना.
नवा फॉरमॅट त्याला पचणार नाही,
पेनड्राइव्हही जुन्या वळणाचाच लागणार,
आणि त्यात चार जीबीच्या वरची फाइल मावत नाही.
म्हणजे कुठेतरी कापायलाच हवं.
धप्पच्या आधी कापलं असतं तर
पहिला भाग छान संपत होता,
ऊन, होडी, दोघे भाऊ.
दुसरा गहाळ झाला म्हणता आलं असतं.
कर्सर तिथे नेलासुद्धा.
बराच वेळ तो लुकलुकत राहिला.

कापलं ते फार अलीकडे, कुत्रं भुंकतं तिथे.

ट्रिगीच्या धक्क्यावर बोटीवरच्या नव्या पोराकडे
आगपेटी दिली, आत पेनड्राइव्ह, आणि घडी घातलेली चिठ्ठी.
आधी भाग एक, मग दोन.
आवाज मोठा ठेव.
चित्र दिसलं नाही तर फोन कर.
नंबर तोच आहे.