मानशीवरचं कोडं

चोडणच्या बांधावर, मानशीच्या दगडी कठड्याशी
लिगोर मासळीची पेटी उपडी घालतो
आणि तिच्यावर पट मांडतो.
सुकती लागायला अजून दीड तास.
जाळं तयार, सुंगटं अजून आतल्या पाण्यात.
माझी सहाची फेरीबोट चुकलेली;
वह्यांचा गठ्ठा मांडीवर, चपला चिखलाने जड.

पटावर फक्त पाच मोहरे.
कोपऱ्यात काळा राजा, त्याच्या पुढ्यात त्याचंच प्यादं,
वजीर व्हायला एक घर उरलेलं
आणि त्या घरात त्याचाच राजा बसलेला.
मी हसले. लिगोर हसला नाही.
पटाच्या कडेला काळा घोडा, पहाऱ्यावर.
पांढऱ्याकडे एक घोडा, एक राजा;
राजा म्हणजे बाटलीचं बूच,
खरा कधीतरी मानशीतून वाहून गेला.
"पांढऱ्याची खेळी. दोन चालींत मात, टीचर."

मी गणिताची बाई. शह दिसला की हात शिवशिवतात.
घोडा उडवला: शह!
काळ्या घोड्याने तो गिळला, ढेकरही न देता.
पुन्हा मांडला.
बूच पुढे दामटलं, तर काळा राजा फटीतून निसटला
आणि प्याद्याने मागे वळून न बघता वजिरी घेतली.
पुन्हा मांडला.
डासांनी घोटे फोडून काढले.
पलीकडे रायबंदरचे दिवे लागले,
सातची फेरीही भोंगा देऊन गेली.

"तूं फकत मारपाकूच पळयता," लिगोर म्हणाला,
जाळ्याची गाठ तपासत.
"कोण कोणाची वाट आडायता, तें पळय."

मानशीची दारं त्याने कधी ढकललेली नाहीत.
बाहेर भरती चढली की ती आपणहून मिटतात,
उतरली की आतलं पाणीच त्यांना उघडतं.
त्याचं काम एवढंच:
दाराच्या वाटेत ओंडका अडकू न देणं.
त्यासाठी चाळीस वर्षं तो रात्री जागतो.

मग मी हात मांडीखाली दाबून बसले
आणि नुसती बघत राहिले.
प्याद्याला राजा अडवतो. राजाला प्यादं.
माझ्या घोड्याला मात द्यायला घरं दोन.
एकावर काळ्याचा पहारा.
दुसऱ्यावर
दुसऱ्यावर बूच.

इतका वेळ मातीच्या जागेवर
मीच उभी होते.

बूच एक घर मागे घेतलं.
शह नाही, मारामारी नाही,
कंदिलाची वातसुद्धा हलली नाही.
काळ्या घोड्याने धावत येऊन मला शह दिला, उसन्या अवसानाचा;
तो जिथे उतरला तिथेच माझ्या घोड्याने त्याला खाल्लं
आणि कोपऱ्यातला राजा संपला.
"आणि तो नसता आला तर?" मी विचारलं.
लिगोरने बूच होतं त्या रिकाम्या घरावर
ओलं बोट टेकवलं.
तेवढ्यात मानशीची दारं करकरली.
तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी आठवीला वर्तुळाची जीवा शिकवताना
शेवटच्या बाकावरचा आल्वितो कार्दोज
मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे.
चार वर्षं मी त्याला चुळबुळ्या म्हणत आले.
खडू हातात धरून
मी फळ्यासमोरून दोन पावलं बाजूला झाले.
त्याने काही म्हटलं नाही,
वही उघडली.

शुक्रवारी लिगोरने नवा डाव मांडला. आठ मोहरे,
तीन चालींत मात.
माझा उंट कुणाच्या तरी वाटेत आहे, एवढं कळतंय.
कुणाच्या, ते नाही.
नऊची फेरी शेवटची असते.